स्वयंपाकघराची भिंत काढण्यापूर्वी

कोल्हापूरहून बंगळूरूच्या दिशेने निघालेला राष्ट्रीय महामार्ग कागलजवळ येतो, तशी कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत सुरू होते. ओतकाम, यंत्रांचे सुटे भाग, इंजिने आणि वस्त्रोद्योग यांनी या परिसराला नवी ओळख दिली. कसबा सांगाव, तळंदगे, पट्टणकोडोली, हुपरी या गावांच्या आणि खुद्द कागल शहराच्या आसपास एक-दीड गुंठ्याच्या प्लॉटवर घर बांधणाऱ्या नोकरदारांच्या नकाशात आता एक बदल ठळकपणे दिसतो. सोपा, माजघर आणि त्यामागे स्वयंपाकघर ही जुनी मांडणी मागे पडून स्वयंपाकाचा ओटा आणि जेवणाचे टेबल एकाच मोकळ्या खोलीत आणण्याकडे कल वाढला आहे. यालाच 'ओपन किचन' म्हटले जाते.

लहान जागा मोठी वाटते, स्वयंपाक करणारी व्यक्ती घरातल्या गप्पांपासून तुटत नाही, वाढप सोपे होते, हे या मांडणीचे फायदे खरे आहेत. मात्र बहुतेक घरांत चर्चा होते ती शटरच्या रंगाची आणि टेबलावर टांगायच्या दिव्याच्या आकाराची. फोडणीचा धूर कुठे जाणार, विळी-सुरीवर उजेड कुठून पडणार आणि दिवसभरात किती पावले चालावी लागणार, हे प्रश्न गृहप्रवेशानंतर पुढे येतात. तेव्हा प्लास्टर झालेले असते आणि उत्तर महाग पडते.

भिंत काय काम करीत होती?

स्वयंपाकघराची भिंत केवळ आडोसा नव्हती. ती धूर आणि वास अडवीत असे, मिक्सर व भांड्यांचा आवाज रोखत असे, पसारा झाकत असे आणि बैठकीतल्या पंख्याचा वारा चुलीपर्यंत येऊ देत नसे. भिंत काढली की ही चारही कामे दुसऱ्या कशावर तरी सोपवावी लागतात. नियोजन म्हणजे प्रत्यक्षात या कामांची वाटणी होय. ज्या घरात ही वाटणी होत नाही, तेथे वर्षभरातच सोफ्याच्या कापडाला तेलकट वास येऊ लागतो आणि सरकते दार बसविण्यासाठी सुतार शोधला जातो.

भिंत पाडून जुन्या घरात बदल करावयाचा असेल, तर ती भार पेलणारी आहे की केवळ विभाजक, हे स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून तपासून घेणे अपरिहार्य आहे. जुन्या दगडी आणि विटांच्या घरांत आतली भिंतही छताचे ओझे वाहत असते. सदनिकेत सोसायटीची संमती लागते. औद्योगिक वसाहतीच्या अधिसूचित क्षेत्रात बांधकाम असल्यास एमआयडीसी हेच विशेष नियोजन प्राधिकरण असल्याने आराखड्याची मंजुरी तेथूनच घ्यावी लागते.

कारखान्यातून आलेला विचार

आधुनिक स्वयंपाकघराच्या मांडणीचे शास्त्र कारखान्यातूनच घरात आले. अमेरिकेतील क्रिस्टीन फ्रेडरिक यांनी १९१२-१३ च्या सुमारास फ्रेडरिक टेलर यांची कारखान्यासाठीची कार्यपद्धती घरकामाला लावून पाहिली. स्वयंपाक करताना कोणती पावले वाया जातात, याचा हिशेब त्यांनी मांडला. पुढे १९२६ मध्ये जर्मनीतील फ्रँकफर्ट शहराच्या गृहयोजनेसाठी मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद स्त्रीने सुमारे साडेसहा चौरस मीटरचे आटोपशीर स्वयंपाकघर आखले. खिडकीखाली कामाचे टेबल, बसून काम करण्यासाठी फिरते स्टूल, छतावरच्या रुळावर सरकणारा दिवा आणि जेवणाच्या खोलीकडे उघडणारे सरकते दार अशी त्याची रचना होती. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे त्या योजनेत बांधली गेली.

१९४० च्या दशकात अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात 'कामाचा त्रिकोण' ही कल्पना पुढे आली. फ्रीज, सिंक आणि शेगडी हे तीन बिंदू जोडले असता प्रत्येक बाजू चार ते नऊ फुटांची असावी आणि तिन्हींची बेरीज २६ फुटांपेक्षा जास्त नसावी, असा हा नियम आहे. त्रिकोणातून येण्या-जाण्याची वाट नसावी, हा त्याचाच भाग.

कागलच्या वसाहतीत काम करणाऱ्याला यात अनोळखी असे काही नाही. कच्चा माल एका बाजूने येतो, प्रक्रिया क्रमाने होते आणि तयार माल दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो. भट्टीचा धूर भट्टीच्या डोक्यावरच ओढून घेतला जातो. लेथवर काम करणाऱ्याचा दिवा छताला नसतो, तो मशीनच्या दांडीवर असतो. स्वयंपाकघर ही घरातली सर्वाधिक तास चालणारी कामाची जागा आहे. कारखान्यात जे गृहीत धरले जाते, ते घरातल्या कामगाराला नाकारण्याचे कारण नाही.

मांडणी : कोठीपासून ताटापर्यंत

स्वयंपाकाचा क्रम ठरलेला आहे. जिन्नस काढणे, धुणे, चिरणे, शिजवणे आणि वाढणे. ओट्यावर हाच क्रम एका दिशेने असावा. म्हणजे प्रथम फ्रीज व कोठीचे कपाट, मग सिंक, मग चिरण्या-मळण्याची मोकळी जागा, मग शेगडी आणि शेवटी वाढपाची जागा. सिंक आणि शेगडी यांच्यामध्ये किमान अडीच ते तीन फूट मोकळा ओटा हवा, कारण खरे काम तेथेच होते. अनेक घरांत ही जागा मिक्सर आणि पाण्याचे फिल्टर अडवून बसतात.

राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार जेवणाची जागाही ज्यात आहे अशा स्वयंपाकघराचे क्षेत्रफळ किमान साडेसात चौरस मीटर आणि रुंदी किमान २.१ मीटर असावी लागते. ही केवळ किमान मर्यादा झाली. उदाहरणादाखल १२ फूट बाय १८ फुटांची खोली घेऊ. बारा फुटी भिंतीला दोन फूट खोलीचा ओटा, त्यापुढे चार फूट उभे राहण्याची जागा आणि मग दोन फूट रुंदीचा मधला काउंटर, असे आठ फूट स्वयंपाकाला जातात. उरलेल्या १० बाय १२ फुटांत पाच फूट लांब आणि तीन फूट रुंद टेबल बसते व चारही बाजूंना सुमारे साडेतीन फूट जागा राहते. खुर्ची ओढून माणूस उठू शकावा आणि त्याच्या मागून दुसऱ्याला ताट घेऊन जाता यावे, यासाठी एवढी जागा लागतेच.

मधल्या काउंटरची जेवणाकडील बाजू ४२ इंचांपर्यंत उंच ठेवून अर्धी भिंत करावी. ओट्यापेक्षा आठ-नऊ इंच उंच असलेली ही कड टेबलावर बसलेल्यांच्या नजरेआड खरकटी भांडी झाकते. शिवाय काउंटरवर शेगडी ठेवली, तर पंख्याचा वाराही अडवते. भिंतीच्या चार कामांपैकी दोन अशी चार-पाचशे विटांतच भागतात.

कोल्हापूरकडच्या घरांत आणखी एक विचार करावा लागतो. सणावाराला, पाहुण्यांच्या वर्दळीत टेबल बाजूला सारून जमिनीवर पंगत बसते. त्यामुळे टेबल हलविता येण्याजोगे असावे आणि ते भिंतीला लावल्यावर किमान एक ओळ पाट मांडता यावेत, हे नकाशावरच पाहून ठेवावे.

ओट्याची उंची आणि भाकरी

ओटा सरसकट ३४ किंवा ३६ इंच उंच बांधण्याची गवंड्यांची सवय असते. उंचीचा आधार मात्र त्यावर काम करणारी व्यक्ती असली पाहिजे. उभे राहून कोपर वाकविल्यावर जमिनीपासून कोपरापर्यंत जी उंची भरते, तिच्यापेक्षा चार ते सहा इंच खाली ओटा असावा. पाच फूट ते पाच फूट दोन इंच उंचीच्या व्यक्तीला तो साधारण ३२ ते ३४ इंचांवर येतो. उंची चुकली तर खांदे सतत वर उचललेले राहतात किंवा कंबर वाकलेली राहते, आणि ही चूक रोज दोन-तीन तास भोगावी लागते.

भाकरी थापण्यासाठी आणि कणीक तिंबण्यासाठी वरून जोर लावावा लागतो. म्हणून हे काम पूर्वी खाली बसून, काठवटीत होत असे. उभ्याने करताना २८ ते ३० इंचांची ठेंगणी जागा सोयीची पडते. जेवणाच्या टेबलाची उंची नेमकी ३० इंच असते. ओट्याला लागून टेबलाच्याच उंचीचा दोन फुटांचा दगड बसविला, तर भाकरीची सोय होते आणि बसून भाजी निवडता येते.

धूर, वाफ आणि गॅस

तांबड्या रश्शाची फोडणी, सुके खोबरे आणि मिरची भाजणे, खरपूस भाकरी हा येथील रोजचा स्वयंपाक आहे. युरोपीय मासिकांतील खुल्या स्वयंपाकघरांत तो गृहीत धरलेला नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात अतितप्त तेलात तळताना निघणाऱ्या धुराची गणना कर्करोगास संभाव्य कारण ठरणाऱ्या घटकांत केली आहे. खुल्या मांडणीत हा धूर स्वयंपाक करणाऱ्यापुरता न राहता टेबलावर अभ्यासाला बसलेल्या मुलापर्यंत पोहोचतो.

त्यामुळे चिमणी निवडताना संपूर्ण खोलीची हवा मोजावी. वरील उदाहरणातील खोलीची उंची दहा फूट धरल्यास तिच्यात सुमारे ६१ घनमीटर हवा असते. तासाला बारा वेळा ती बदलावयाची तर सुमारे ७३० घनमीटर क्षमता लागते. नळीतील अडथळ्यामुळे होणारी घट धरता तासाला हजार घनमीटरच्या आसपास क्षमतेची चिमणी योग्य ठरते. नळी सहा इंच व्यासाची, आखूड आणि कमीत कमी वळणांची असावी. नळीविरहित चिमणी तेलकटपणा काहीसा गाळते, मात्र उष्णता आणि वाफ खोलीतच सोडते, म्हणून ती येथे उपयोगाची नाही. शेगडीपासून चिमणी २६ ते ३० इंच उंचीवर असावी. बाहेर जाणाऱ्या हवेइतकी हवा आत येण्यासाठी समोरच्या बाजूची एखादी खिडकी उघडी हवी, अन्यथा पंखा नुसता आवाज करीत राहतो.

पावसाळ्यात या भागात वारा पश्चिमेकडून येतो. पश्चिमेच्या भिंतीत चिमणीचे तोंड किंवा एक्झॉस्ट पंखा ठेवल्यास वारा धुराला परत आत ढकलतो आणि पाणीही आत येते. उत्तर किंवा पूर्वेची भिंत त्यासाठी अधिक बरी. पर्याय नसेल तर आपोआप मिटणाऱ्या झडपांची जाळी लावावी.

वर्षभराचा कांदा-लसूण मसाला, मिरच्या भाजणे, मोठ्या प्रमाणावर तळण ही कामे कोणतीही चिमणी पेलू शकत नाही. जुन्या घरात ती परसात होत. नव्या घरात मागील दारी किंवा ड्राय बाल्कनीत दुसऱ्या शेगडीची जागा ठेवणे हे त्यावरचे साधे उत्तर आहे.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाल्यास तो जमिनीलगत पसरतो आणि मध्ये भिंत नसल्याने थेट बैठकीत जातो. म्हणून सिलिंडरच्या कपाटाच्या दाराला खालच्या बाजूस झरोके हवेत, जमिनीलगत बाहेर उघडणारी जाळी हवी आणि त्या परिसरात जमिनीजवळ विजेचे सॉकेट नसावे. सिलिंडर नेहमी उभा आणि शेगडीच्या पातळीपेक्षा खाली असावा. नळी पाच वर्षांनी बदलावी.

दिवसाचा उजेड

कागलचे स्थान विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे साडेसोळा अंशांवर आहे. साधारण मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य येथे डोक्याच्या किंचित उत्तरेकडून जातो. डिसेंबरात तो दक्षिण क्षितिजापासून सुमारे पन्नास अंशांवर असतो. दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा असेल, तर त्या दिवसांत वरच्या सव्वादोन फुटांवरच सावली पडते, उरलेल्या खिडकीतून उबदार ऊन आत येते. पूर्वेची खिडकी सकाळच्या डब्याच्या घाईत उत्तम उजेड देते. पश्चिमेची खिडकी मात्र संध्याकाळच्या स्वयंपाकाच्या वेळी तिरपे ऊन डोळ्यांवर आणते, आणि तिरप्या उन्हाला छज्जा अडवू शकत नाही.

खिडकीखाली सिंक ठेवावे, शेगडी नव्हे. वाऱ्याने ज्योत विझते आणि पडदा पेट घेण्याचा धोका असतो. खुल्या मांडणीत ओट्याची खिडकी आणि जेवणाच्या बाजूची खिडकी समोरासमोर आल्यास उजेड दोन्हींकडून मिळतो. काळा, चकचकीत ग्रॅनाइट किंवा कडाप्पा बराचसा उजेड गिळतो आणि उरलेल्याची तिरीप डोळ्यांवर मारतो. फिकट, झिलई नसलेला दगड तेवढ्याच उजेडात अधिक स्पष्ट दिसू देतो.

विजेचे दिवे : कामाचा, जेवणाचा आणि वावराचा

बंद खोलीत भिंतीवर एक ट्यूबलाइट लावण्याची पद्धत खुल्या खोलीत अपुरी पडते. ती बहुधा स्वयंपाक करणाऱ्याच्या पाठीमागे असते, त्यामुळे चिरताना स्वतःचीच सावली नेमकी सुरीवर पडते. येथे तीन वेगळ्या दिव्यांची गरज असते.

पहिला वावराचा उजेड. वीस चौरस मीटरच्या खोलीत सर्वत्र १०० लक्स उजेड हवा, तर भिंती-छतांत वाया जाणारा भाग धरून सुमारे चार हजार ल्युमेन लागतात. एका वॅटमागे शंभर ल्युमेन देणारे एलईडी घेतल्यास एकूण चाळीस वॅट पुरतात. हे दिवे एकाच ठिकाणी न लावता छतावर विखुरलेले असावेत.

दुसरा ओट्यावरचा दिवा. स्वयंपाकघरासाठी २०० लक्स हे भारतीय मानक आहे, मात्र चिरणे-निवडणे यांसाठी ३०० ते ५०० लक्स उजेड बरा. भिंतीवरच्या कपाटांच्या तळाशी, पुढच्या कडेला एलईडी पट्टी लावावी. मागच्या बाजूला लावल्यास ती भिंत उजळते आणि चिरण्याची जागा काळोखीच राहते. आठ फुटांच्या ओट्याला दहा-बारा वॅट पुरेसे होतात. पट्टीवर दुधी आवरण हवे, नाहीतर टेबलावर बसलेल्यांच्या डोळ्यांत ती खुपते. साठीच्या माणसाच्या डोळ्यांतील पडद्यावर विशीतल्या तुलनेत सुमारे एकतृतीयांशच प्रकाश पोहोचतो. घरात आजी स्वयंपाक करीत असतील, तर हा दिवा ही चैन नव्हे.

तिसरा टेबलावरचा दिवा. टांगता दिवा टेबलाच्या पृष्ठभागापासून ३० ते ३३ इंच उंच असावा, म्हणजे ताट उजळते आणि समोरच्याचा चेहरा झाकला जात नाही. मात्र टेबल पंगतीसाठी हलणार असेल तर खोलीच्या मधोमध तो डोक्याला लागतो. अशा घरात वर-खाली सरकणारा किंवा भिंतीवरून पुढे येणारा दिवा घ्यावा.

येथेच छतावरच्या पंख्याचा प्रश्न येतो. पात्यांच्या वर दिवा असेल तर सावल्या सतत थरथरतात, आणि पंख्याखाली टांगता दिवा असेल तर तो झुलत राहतो. पंखा आणि दिवा यांच्या जागा एकमेकांपासून किमान तीन-चार फूट दूर ठरवाव्यात. पंखा शेगडीच्या डोक्यावर तर नसावाच.

रंगछटेबाबतही विचार हवा. ६५०० केल्विनचा निळसर पांढरा दिवा आपल्याकडे सर्रास वापरला जातो. ओट्यावर ४००० आणि टेबलावर २७०० ते ३००० केल्विनचा उबदार उजेड अधिक सुखद वाटतो. खोक्यावरचा रंगदर्शकता निर्देशांकही वाचावा. तो ९० च्या आसपास असल्यास मटणाचा ताजेपणा आणि हळदीचा खरा रंग ओळखता येतो.

पाळीचे घर आणि बटनांची वाटणी

औद्योगिक वसाहतीतील घरांना इतर घरांपेक्षा वेगळे घड्याळ असते. दुसरी पाळी संपवून माणूस मध्यरात्रीच्या सुमारास घरी जेवतो, तर पहिल्या पाळीचा डबा पहाटेच भरावा लागतो. खुल्या खोलीत एका बटनावर सगळे दिवे लागत असतील, तर एकाच्या जेवणासाठी हॉलमध्ये झोपलेल्या सर्वांची झोपमोड होते किंवा तो माणूस अंधुक उजेडात, थंड अन्नावर भागवतो. यातली कोणतीच गोष्ट वर्षानुवर्षे चालू राहावी अशी नाही.

यासाठी वावराचा दिवा, ओट्याचा दिवा, टेबलाचा दिवा आणि पायाशी मंद जळणारा रात्रीचा दिवा अशी चार स्वतंत्र बटने असावीत. टेबलाच्या दिव्याला दोन ठिकाणांहून चालू-बंद करणारे बटन, एक मुख्य दाराजवळ आणि एक ओट्याजवळ, असावे. खाली प्रकाश टाकणारे झाकलेले आवरण असेल तर उजेड टेबलापुरताच राहतो. आवाजाचे उत्तर मात्र दिव्यात नाही. पहाटे मिक्सर लावावा लागणाऱ्या घरात फ्रँकफर्टच्या धर्तीवर काचेचे सरकते दार हा व्यवहार्य मध्यममार्ग ठरतो. ते दिवसभर उघडे राहते आणि गरजेला मिटते. महाराष्ट्राने २००५ नंतर काही वर्षे दीर्घ भारनियमन अनुभवले आहे. इन्व्हर्टरवर निदान ओट्याचा आणि टेबलाचा दिवा जोडून ठेवणे शहाणपणाचे.

प्लास्टरपूर्वीची उजळणी

हे सारे निर्णय भिंतीत नळ्या टाकण्याआधी झाले पाहिजेत. ओव्हन, मायक्रोवेव्ह अशा उपकरणांसाठी १६ अँपिअरचे स्वतंत्र सॉकेट, सिंकपासून दूर असलेले मिक्सरचे सॉकेट, चिमणीच्या नळीचे भोक, कपाटाखालच्या पट्टीची वायर आणि ३० मिलीअँपिअरचा गळतीरोधक स्विच यांची जागा नकाशावर खुणावून घ्यावी. अर्थिंग तपासून घ्यावे.

सर्वात स्वस्त चाचणीला एक खडू पुरतो. कोऱ्या जमिनीवर ओटा, काउंटर, टेबल आणि खुर्च्या खऱ्या मापाने आखाव्यात. मग जी व्यक्ती रोज स्वयंपाक करणार आहे, तिने त्या रेषांमध्ये चहापासून भाकरीपर्यंतची कामे करून पाहावीत. कुठे वळावे लागते, कुठे कोण आडवे येते आणि संध्याकाळी कोणत्या कोपऱ्यात अंधार होतो, हे तेव्हाच कळते. खडूची रेष पुसता येते. काँक्रीटचा ओटा मात्र पुढची वीस-पंचवीस वर्षे जागचा हलत नाही.